ख्रिस्ताला माउली म्हणणारे रेव्हरंड टिळक: राहुरी-नगरच्या मातीत घडलेला कवी

टिळक म्हटलं की लोकमान्य आठवतात. पण त्याच काळात महाराष्ट्रात आणखी एक टिळक होऊन गेले. शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख फुलामुलांचे कवी अशी व्हायची. शिकाऱ्याने जखमी केलेली पक्षीण तशाच अवस्थेत पिल्लांकडे परतते, ही त्यांची कविता जुन्या पिढीतल्या अनेकांना अजून आठवत असेल. हे रेव्हरंड नारायण वामन टिळक. ९ मे १९१९ रोजी त्यांचं मुंबईत निधन झालं.

जन्म कोकणातला, शिक्षण नाशिकचं, पण आयुष्याचा मोठा आणि महत्त्वाचा काळ गेला तो राहुरी आणि नगरमध्ये. कवी म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचं दुसरं काम मात्र चर्चच्या भिंतीबाहेर फारसं बोललं जात नाही. परदेशातून आलेल्या मिशनऱ्यांनी जो देव सांगितला, त्याच देवाकडे टिळकांनी वारकऱ्याच्या नजरेने पाहिलं, आणि त्यांना तिथं आई दिसली. हे त्यांना सहज सुचलं नाही. त्यासाठी त्यांनी जबर किंमत मोजली, आणि त्यातला मोठा हिस्सा त्यांच्या पत्नीला मोजावा लागला.

कोकणातून नाशिकला

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घराणं चित्पावन ब्राह्मण. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने कडक. आई जानकीबाई भाविक, तिला कवितेची आवड. घरातली माया मिळाली ती आईकडूनच. मुलगा लहान असतानाच आई गेली आणि त्याचं घरातलं मन उडालं. पुढे तो नाशिकला आला. तिथं गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला, थोडंफार इंग्रजी शिकला. शिक्षण रीतसर पूर्ण झालं नाही, पण वाचनाचा आणि कवितेचा नाद लागला तो कायमचा.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. माहेरचं नाव मनकर्णिका, सासरचं लक्ष्मी. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. हीच पुढे स्मृतिचित्रे लिहिणारी लक्ष्मीबाई टिळक.

संसार सुरू झाला, पण टिळकांचा पाय एका जागी ठरेना. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी. कधी न सांगता निघून जायचे. खिशात पैसा टिकायचा नाही. समोर गरजू दिसला की देऊन मोकळे. राग नाकावर असायचा, आणि उतरायचाही तितक्याच लवकर. लक्ष्मीबाईंनी हे सगळं पुढे आपल्या पुस्तकात काही न लपवता लिहिलं.

आगगाडीत मिळालेलं पुस्तक

फिरत फिरत टिळक नागपूरला पोचले. तिथं अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. हिंदू धर्माचा अर्थ सांगणारं ऋषी नावाचं मासिकही त्यांनी चालवलं. पण आतून मन स्वस्थ नव्हतं. जातीपातीने माणसं तोडणारा धर्म त्यांना पटत नव्हता. देव हा सगळ्यांचा बाप आहे, सगळी माणसं भावंडं आहेत आणि देवावर व माणसावर प्रेम करणं हाच धर्माचा गाभा आहे, इथपर्यंत ते स्वतःच्या विचाराने आले होते. ख्रिस्ती धर्माशी तोवर त्यांचा काही संबंध नव्हता.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. संस्कृत काव्यावर दोघांच्या गप्पा रंगल्या. उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला, वाचायचं वचन घेतलं, आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगून तो निघून गेला. 

टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं ते पेन्सिल हातात धरून, खुणा करत. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. वैऱ्यावरही प्रेम करा, कारण देव सूर्य उगवतो तो चांगल्यावर आणि वाईटावर सारखाच, अशी तिथली शिकवण. ज्या देवाचा ते शोध घेत होते तो त्यांना इथं सापडला. पुढची दोन वर्षं वाचन, पत्रव्यवहार आणि मनातली ओढाताण यात गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

देव मिळाला, घर तुटलं

बातमी पसरली तशी दोन्हीकडची माणसं कोसळली. त्या काळी ब्राह्मण माणूस ख्रिस्ती होणं म्हणजे घरच्यांच्या लेखी तो मेल्यातच जमा. लक्ष्मीबाई तेव्हा नातेवाइकांकडे होत्या. सोबत तीन-चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही, अशी अवस्था. पुढची काही वर्षं त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने, पंढरपूर आणि नाशिककडे काढली. रडून रडून प्रकृती खालावली.

इथं टिळकांच्या नव्या श्रद्धेची खरी परीक्षा झाली. प्रेम करणारा देव मिळाला म्हणणाऱ्या माणसाने आपल्या बायकोला विचारलंही नव्हतं. तिच्या वाट्याला आलं ते एकटेपण आणि लोकांची बोलणी. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिलं तर हा अन्यायच होता, आणि टिळकांचा कितीही अभिमान असला तरी तो नाकारता येत नाही.

कायद्याने त्यांना एक सोपी वाट ठेवली होती. १८६६ च्या कायद्यानुसार, धर्मांतर केलेल्या माणसाचा जोडीदार त्या कारणाने नांदायला तयार नसेल तर कोर्टात जाऊन लग्न मोडता येत होतं आणि दुसरं करता येत होतं. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. ते पत्रं लिहीत राहिले, भेटायला जात राहिले, वाट पाहत राहिले. अशी चार-पाच वर्षं गेली. अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला आल्या, पण स्वतःच्या अटींवर. चूल वेगळी, पाणी वेगळं, देव आपापला. टिळकांनी ते सगळं मान्य केलं.

राहुरीचे दिवस

नगरहून कुटुंब राहुरीला आलं. तिथं अमेरिकन मिशनचे डॉ. बॅलेंटाइन दवाखाना चालवत होते. १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ. गावंच्या गावं अन्नाला महाग झाली होती, पोरकी मुलं रस्त्यावर आली होती. त्यात प्लेग. मिशनच्या आवारात अनाथ मुलांची गर्दी झाली. टिळकांच्या घरातही स्वतःच्या मुलांबरोबर इतरांची मुलं वाढू लागली.

या भागातले बहुतेक ख्रिस्ती गावकुसाबाहेरच्या समाजातून आलेले होते. सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई त्यांच्यात राहत होत्या, त्यांची मुलं सांभाळत होत्या, आणि तरी पाणी वेगळं ठेवत होत्या. हे कुठंतरी जुळत नाही हे त्यांचं त्यांनाच जाणवू लागलं. जात देवाने केली असेल तर ती पशुपक्ष्यांसारखी डोळ्यांना दिसली असती. ती माणसाने केली, असं त्यांना विचार करकरून पटलं. मग वेगळं पाणी बंद झालं. १९०० साली लक्ष्मीबाई आणि दत्तू यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्यांना तसा आग्रह करून काही झालं नसतं. टिळकांना मोठमोठ्या पुस्तकांतून जे कळलं, ते लक्ष्मीबाईंना राहुरीच्या पाण्याच्या हंड्यापाशी कळलं.

पुढे टिळक नगरला धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड टिळक झाले. त्यांच्या घरी कवींचा राबता असे. तरुण त्र्यंबक ठोंबरे, म्हणजेच बालकवी, काही काळ त्यांच्याच घरी घरच्या मुलासारखे राहिले.

मिशनऱ्यांचा देव आणि टिळकांचा देव

त्या काळी मिशनच्या उपदेशात देव बहुतेक वेळा न्यायाधीशासारखा यायचा. माणूस पापी, म्हणजे आरोपी. शिक्षा ठरलेली. ख्रिस्ताने क्रुसावर मरून ती शिक्षा स्वतःवर घेतली. विश्वास ठेवला तर सुटका, नाही तर नरक. खेड्यातल्या माणसाला हे कोर्टकचेरीच्या भाषेत लगेच कळायचं, कारण कोर्ट त्याला माहीत होतं. पण कोर्टातून निर्दोष सुटलेला माणूस न्यायाधीशावर प्रेम करत नाही. तो सुटलो म्हणतो आणि घरी जातो.

हा प्रश्न एकट्या टिळकांना पडला नव्हता. त्यांना नगरला जवळ करणारे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांनाही तो चांगलाच भोवला होता. ज्या माणसाने जन्मात ख्रिस्ताचं नाव ऐकलं नाही, त्याला देव मेल्यानंतर तरी संधी देईल की नाही, हा वाद तेव्हा अमेरिकेत पेटला होता. ह्यूम १८८६ साली रजेवर तिकडे असताना, देव अशी संधी देत असेल असं मानणाऱ्यांच्या बाजूने बोलले. त्यावरून त्यांना नगरला परत पाठवायचं की नाही इथपर्यंत गोष्ट गेली. अखेर १८८७ साली परवानगी मिळाली. म्हणजे देव किती प्रेमळ मानायचा, यावर एका मिशनऱ्याची नोकरी जाणार होती.

टिळकांनी असा वाद घातला नाही. पाप, क्रूस, क्षमा यांतलं काही त्यांनी टाकूनही दिलं नाही. त्यांनी नातं बदललं. ख्रिस्त त्यांना आधी गुरू वाटला, मग मित्र, मग आई. गुरू आणि माउली हे दोन्ही शब्द त्यांनी ख्रिस्तासाठी बिनधास्त वापरले. मूल चुकलं, मळलं, पडलं, तरी आई आधी उचलून घेते. रागावणं असलं तर ते नंतर. क्रुसावरचं मरण त्यांच्या अभंगांत दंडाच्या पावतीसारखं येत नाही. लेकरासाठी आई जसा जीव टाकते, तसं येतं.

हे त्यांना वारकरी परंपरेतून मिळालं. विठ्ठलाला माउली म्हणायचं, त्याच्याशी भांडायचं, रुसायचं, त्याच्या गळ्यात पडायचं, हे महाराष्ट्राला नवीन नव्हतं. टिळक उघडपणे सांगत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. तसं पाहिलं तर बायबलमध्येही आई आहेच. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात देव स्वतःची तुलना आईशी करतो. येशू यरुशलेमबद्दल बोलताना पिल्लांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीचं उदाहरण देतो. परदेशी उपदेशात या ओळी मागे पडल्या होत्या. अंगणात कोंबड्या आणि ओठावर माउली हा शब्द असलेल्या माणसांसाठी टिळकांनी त्या पुढे आणल्या.

अभंग, ओव्या आणि कीर्तन

नातं बदललं की भाषा बदलते, आणि भाषा बदलली की गाणं. मिशनच्या चर्चमध्ये तेव्हा इंग्रजी चालीवरची भाषांतरित गीतं बरीच चालायची. शब्द मराठी, पण सूर परका. टिळकांच्या आधीही काही मराठी ख्रिस्ती कवींनी देशी चालीत रचना केल्या होत्या. टिळकांनी ते काम फार पुढे नेलं. अभंग, ओवी, पदं, भजनं, आरतीच्या वळणाची गीतं अशी शेकडो गीतं त्यांनी लिहिली. टाळ आणि मृदंग चर्चमध्ये आले. ते स्वतः कीर्तन करायचे, पुढे लक्ष्मीबाईही कीर्तनाला उभ्या राहिल्या.

१८४२ साली नगरला सुरू झालेल्या ज्ञानोदय या नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादन १९१२ पासून त्यांच्याकडे होतं. त्यात त्यांचे अभंग येत राहिले. ते पुढे अभंगांजली या नावाने ओळखले गेले. ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध करायला त्यांनी ख्रिस्तायन हा ग्रंथ घेतला होता, पण तो दहा-अकरा अध्यायांपाशी राहिला. ज्या लक्ष्मीबाईंना टिळकांनीच लिहायला-वाचायला शिकवलं, त्यांनी उरलेले अध्याय लिहून तो पूर्ण केला.

टीका दोन्हीकडून झाली. जुन्या समाजाने त्यांना वाळीत टाकलंच होतं. ख्रिस्ती लोकांतही काहींना हे फार हिंदू वाटायचं. इथल्या संतांची वाणी ही भारतीय ख्रिस्ती माणसाला जुन्या करारासारखी आहे, हा त्यांचा विचार तर अनेकांना पचला नाही. पण मुंबईच्या मिशनमधले जस्टिन अ‍ॅबट यांच्यासारखे अमेरिकन याच वाटेने गेले. अ‍ॅबट यांनी पुढे मराठी संतांच्या चरित्रांची आणि अभंगांची इंग्रजीत भाषांतरं केली.

देवाचा दरबार

एक गोष्ट टिळकांना शेवटपर्यंत सलत राहिली. देव आई, माणसं भावंडं, असं चर्चमध्ये म्हणायचं. आणि बाहेर मात्र मिशनरी साहेब, देशी ख्रिस्ती नोकर. पगार परदेशातून, हुकूमही तिकडून. भावंडांत एक पगार देणारा आणि एक घेणारा असेल तर ते नातं कितपत खरं?

१९१७ साली, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. संन्यास घेतला आणि साताऱ्यात आश्रम सुरू केला. तिथं त्यांनी देवाचा दरबार ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही त्यात येऊ शकत होता. जात नाही, परदेशी पैसा नाही, साहेब नाही.

लक्ष्मीबाईंसाठी हा दुसरा धक्का होता. पिकलेल्या वयात हातचा पगार गेला. पण या वेळी घर तुटलं नाही. संन्यासी झालेला नवरा घरीच होता, बायकोशी बोलत होता, भांडतही होता. १८९५ साली ते तिला न सांगता गेले होते, १९१७ साली ती सोबत होती. बावीस वर्षांत टिळक देवाबद्दल जे शिकले, ते घरातही थोडं उतरलं होतं.

दरबाराला वेळ मात्र कमी मिळाला. दोन वर्षांच्या आतच टिळक आजारी पडले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ५७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. मृत्यूनंतर आपल्या देहाचं दफन न करता दहन करावं, अशी त्यांची इच्छा होती, आणि तसंच झालं. मरणानंतरही त्यांना या मातीतल्या रीतीपासून वेगळं पडायचं नव्हतं.

आज काय उरलं?

देवाचा दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. तो एका माणसाच्या ओढीवर उभा होता, माणूस गेला तसा तोही विरला. गाणी मात्र राहिली. मराठी चर्चमधल्या उपासना संगीत या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. नगर, राहुरी, नेवासा, श्रीरामपूरच्या पट्ट्यातल्या मराठी मंडळ्यांमध्ये त्या आजही गायल्या जातात. गाणाऱ्या अनेकांना कवीचं नाव आठवत नसेल, पण देवाला आई म्हणायला कुणाची जीभ अडखळत नाही.

आणि राहिलं लक्ष्मीबाईंचं स्मृतिचित्रे. त्यात टिळक देवमाणूस म्हणून येत नाहीत. तापट, विसरभोळे, उधळे, हट्टी, आणि तितकेच मायाळू असे येतात. देव कसा आहे यावर टिळकांनी आयुष्यभर लिहिलं. ते लिहिणाऱ्या माणसाबरोबर नांदायला काय पडतं, ते लक्ष्मीबाईंनी लिहिलं. ज्यांना टिळकांचा देव समजून घ्यायचा असेल, त्यांनी अभंगांजलीच्या शेजारी स्मृतिचित्रे ठेवावं आणि दोन्ही वाचावं.